‘शाश्वत’, ‘टिकाऊ’ की आजीचं ‘पुरवठ्याला येणं’?

दांडियाबाजारची:
मी बडोद्यात बांधकाम विषयात एमई करते आहे. आमच्या मंडळाने दिवाळी अंकासाठी ‘मी काय शिकते’ यावर दोन पानं मागितली आहेत, आणि ती मराठीतच हवीत. पहिल्याच ओळीत अडकले. निसर्गाला न ओरबाडता बांधण्याला वर्गात सगळे ‘सस्टेनेबल’ म्हणतात, गुजराती मैत्रिणी ‘टकाउ’, हिंदी पुस्तकात ‘सतत विकास’ आणि महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत ‘शाश्वत विकास’. शाश्वत म्हटलं की मला प्रवचनाला बसल्यासारखं वाटतं. काय लिहू?

ओळंबा:
डोळे मिटून ‘शाश्वत’ लिहा. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टं ठरवली, ती मराठीत ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ या नावानेच आली. रूढ झालेल्या शब्दाशी आता कुठे भांडत बसता?

निवृत्त मास्तर:
भांडायलाच तर इथे येतो आम्ही. शश्वत् म्हणजे नेहमी, त्यावरून शाश्वत. गीतेत हे विशेषण आत्म्याला लावलं आहे, विटांना नाही. रोजच्या बोलण्यात आपण त्याचं ‘शाश्वती’ केलं आणि तेही बहुधा नकारातच वापरतो: पावसाची शाश्वती नाही, नोकरीची शाश्वती नाही. आता ‘शाश्वत इमारत’ असं लिहिलंत तर वाचणारा काय समजेल? कधी न पडणारी. तुम्हाला ते म्हणायचं आहे का?

‘टिकाऊ’ची गत तीच. टिकणे अधिक आऊ, जसं विकाऊ, दिखाऊ. चप्पल टिकाऊ असते, रंग टिकाऊ असतो. गुण त्या वस्तूचा झाला. ती बनवताना काय संपलं, याचा त्यात पत्ता नाही. शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’ करून घ्यायचो, तेवढ्यात मात्र तो शब्द तुमच्या विषयाच्या जवळ येतो.

दांडियाबाजारची:
मास्तर, अगदी हेच मला दिसलं होतं, पण मांडता येत नव्हतं. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी एक जुना वाडा उतरवला. कडियाकाका, म्हणजे गवंडीकाका, भिंतीपाशी उकिडवे बसले होते. वीट हातात घ्यायची, हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा, की चुना पापुद्र्यासारखा सुटायचा आणि अख्खी वीट बाजूला. वाड्याला मागाहून जोडलेली मोरी सिमेंटमधली होती. तिथे वीट फुटायची, पण सांधा सुटायचा नाही. काका म्हणाले, “बेन, आ तो भंगार.” चुना विटेपेक्षा नरम असतो, म्हणून वीट वाचते. सिमेंट विटेहून कडक, म्हणून वीट जाते. आता टिकाऊ कोणाला म्हणायचं? मोरी जास्त टिकाऊ होती की हो!

आणखी एक गंमत. वाड्याचा ढीग पडला त्याला सगळे ‘काटमाळ’ म्हणत होते. आपण राडारोडा म्हणतो, तोच. पण गुजरातीत काटमाळ म्हणजे मुळात घराला लागणारं लाकूडसामान. सामानाचाच शब्द घसरत घसरत ढिगाऱ्यावर आला.

ओळंबा:
मोरीचं उदाहरण पटलं. थोडं रसायनही घाला अंकात, लोकांना आवडतं. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो कळीचा चुना हाती येतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे झालं नुसत्या दगडातून निघालेलं, भट्टीतल्या कोळशाचा धूर वेगळा. चुना साधारण 900 अंशांना भाजतो, सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट होतं ते खडे, व्हायला 1450 च्या आसपास लागतात. चुन्याचा गिलावा वाळताना हवेतून तोच वायू बराचसा परत ओढून घेतो, म्हणून तर तो पुन्हा दगडासारखा होतो. जगात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा.

पण म्हणून उद्यापासून सगळं चुन्यात बांधा असं कोणी सांगू नये. सात मजले चुन्यावर उभे करून दाखवा आधी. चुना मुरवायला धीर लागतो आणि तो मुकादमाकडे नसतो.

सध्या जर्मनीत:
मूळचा बडोद्याच्या रावपुऱ्यातला. इथे या कल्पनेला ‘नाखहाल्टिश’ म्हणतात, आणि तिचा जन्म तुमच्या विषयाच्या शेजारचाच आहे. सॅक्सनीतले खाणींचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 मध्ये जंगलाच्या संदर्भात हा विचार लिहून ठेवला. खाणीत टेकू द्यायला आणि भट्ट्या पेटवायला लाकूड लागायचं, जंगलं संपत चालली होती. त्यांचं म्हणणं असं की जंगलात जेवढं वाढतं तेवढंच तोडा, म्हणजे पुढेही मिळत राहील. अमरत्वाची बात नाही, साठ्याची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची 1987 ची व्याख्या हेच जरा मोठ्या आवाजात सांगते: आपली गरज भागवताना पुढच्यांच्या गरजेवर पाय देऊ नका.

दांडियाबाजारची:
हे सगळं काल आजीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “एवढंच ना? पुरवून वापरायचं. पुरवठ्याला आलं पाहिजे.” तिच्या लहानपणी गोडेतेलाचा डबा महिना संपेपर्यंत पुरवठ्याला आणायचा असायचा. दोन वर्षं मी जे शिकते आहे ते तिने तांदळातला खडा बाजूला टाकता टाकता सांगितलं.

निवृत्त मास्तर:
आजींना नमस्कार सांगा. शब्द सापडला! पुरणे, पुरवणे, पुरवून पुरवून खाणे. यात वस्तू आहे, वापरणारा आहे आणि उद्याचा दिवसही आहे. शाश्वतमध्ये यातलं काहीच नाही.

ओळंबा:
सापडला, पण विशेषण कसं करणार? ‘पुरवठ्याचा विकास’ म्हटलं तर लोक रेशनकार्ड घेऊन उभे राहतील.

निवृत्त मास्तर:
ते खरं. मग मथळ्यात ‘शाश्वत’ राहू द्या, रूढ नाणं आहे. आत वाक्य लिहिताना मात्र क्रियापद आजींचं वापरा: “वाळू, पाणी, चुनखडी पुढच्यांना पुरेल अशा बेताने बांधणं.” मराठी नामापेक्षा क्रियापदात जास्त मोकळी होते. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1931 साली राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी लावून कोश छापला होता. आज असता तर तुमच्या टकाउ, सतत आणि शाश्वतला एका ओळीत बसवून घेतलं असतं.

दांडियाबाजारची:
ठरलं. ‘बिल्ट एन्व्हायर्न्मेंट’ला ‘निर्मित पर्यावरण’ चालेल?

ओळंबा:
नको. ‘बांधीव परिसर’. बांधीव विहीर, बांधीव ओटा सगळ्यांना कळतो. रस्ते, गटारं, पूलही त्यात आपसूक येतात. ‘हिरव्या’, म्हणजे पर्यावरण जपणाऱ्या इमारतींना गुण देणाऱ्या आपल्या देशी पद्धतीचं नाव इंग्रजी आद्याक्षरांचंच, पण वाचायला ‘गृह’ होतं. ते जमलं आहे. घरांतल्या ऊर्जाबचतीसाठी 2018 मध्ये जी संहिता आली तिचं नाव ‘इको-निवास’, अर्धं सोवळं, अर्धं ओवळं.

दांडियाबाजारची:
शेवटचा एक. वीट भाजताना, आणताना, रचताना जी ऊर्जा खर्च होऊन तिच्यात बसलेली असते ती, ‘एम्बॉडीड’. पुस्तकी पर्याय ‘अंतर्भूत ऊर्जा’. वाडा पाडताना मला तीच डोळ्यांपुढे येत होती, पण अंतर्भूत म्हटलं की दिसेनाशी होते.

सध्या जर्मनीत:
‘मुरलेली ऊर्जा’? लोणच्यासारखी. आणि चुन्यासारखी.

निवृत्त मास्तर:
मुरलेली चांगलं आहे. पण मुरल्याने लोणचं सुधारतं, इथे तर तो खर्च आहे. ‘जिरलेली’ कसं वाटतं? पैसा जिरतो, पाणी जिरतं. उद्या सकाळी फिरताना विचार करतो.