मदत हवी आहे: सासूबाईंची एंडोस्कोपी, नुसत्या स्प्रेवर की भूल देऊन?

सासूबाई ६६ वर्षांच्या, राहायला सिंहगड रोडला. पुढच्या आठवड्यात सकाळी जठराची एंडोस्कोपी आहे. बायोप्सी घेऊन एच. पायलोरीही (जठरातले जिवाणू) तपासणार आहेत, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीची गोळी) दोन आठवडे बंद आहे. रक्त पातळ करणारं औषध नाही, मधुमेह नाही. कवळी काढून ठेवायची, रात्रीपासून काही खायचं नाही, हे माहीत आहे.

अडचण घशाची. दाढांना ब्रश लागला तरी उमासे येतात, आणि नेहमीची नळी साधारण ९-१० मिलिमीटर जाड. मिडाझोलम (गुंगीचं औषध) देऊन केलं तर प्रश्नच मिटला असता, पण त्यांना स्लीप अॅप्निया आहे (झोपेत श्वास अडतो), रात्री सीपॅप (श्वासाचं मशीन) लावतात. त्यामुळे भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ हवा असं डॉक्टर म्हणाले. नाहीतर घसा बधिर करणाऱ्या लिग्नोकेन स्प्रेवर करू, पाच-दहा मिनिटांचं काम. (आपल्याला पाच मिनिटं. ज्याच्या घशात नळी, त्याला विचारा!) डाव्या कुशीवर झोपून नाकाने संथ श्वास घ्यायचा आणि लाळ न गिळता बाहेर येऊ द्यायची, एवढा सराव घरी करून घेतलाय.

नाकातून घालायची बारीक, ५-६ मिलिमीटरची नळीही असते म्हणे. पुण्यात ती कुठे वापरतात? तिच्यातून बायोप्सी नीट घेता येते का? आणि इतके उमासे येणाऱ्या कुणाची नुसत्या स्प्रेवर तपासणी पूर्ण झालीय, की अर्ध्यावर सोडावी लागली?