विषय: कॅबिनेट आणि पाण्याचं कूलिंग – सल्ला हवा

मिलिंद (चँडलर, फीनिक्सजवळ, अॅरिझोना), रविवार रात्री

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या गणपतीच्या तयारीच्या मेल्समध्ये हा भलताच विषय घुसवतोय, माफ करा. चिरंजीव ऑगस्टमध्ये टूसॉनला युनिव्हर्सिटीत चाललेत आणि त्याआधी त्यांना स्वतःच्या हाताने डेस्कटॉप जोडायचाय. प्रोसेसर रायझन ७ ९७००एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७०, इथवर बापलेकांचं एकमत आहे. (इंटेलच्या कारखान्याच्या चँडलरमध्ये राहून घरात त्यांच्या स्पर्धकाचा, एएमडीचा रायझन आणतोय. इंटेलवाल्या निम्म्या मंडळाने मोठ्या मनाने घ्यावं.)

गाडी अडलीय कॅबिनेटवर, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसतात त्या पेटीवर. तो त्याला 'केस' म्हणतो. दोन आठवडे 'केस बघतोय, केस बघतोय' ऐकून हिला वाटलं, पोरगा एकदाचा न्हाव्याकडे जाणार. त्याला समोरून आणि बाजूने काच असलेलं, माशांच्या टाकीसारखं कॅबिनेट हवंय आणि आत प्रोसेसर पाण्याने गार करणारा ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर. म्हणे फीनिक्सच्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय निभाव नाही. शिवाय वरची खोली तापते, पाण्यामुळे तीही जरा गार राहील. ऐकायला पटतं, पण सगळं धरून दीडशे डॉलर जास्त जातायत. कुणाला अनुभव?

श्रुती (गिल्बर्ट), रविवार रात्री

माझ्याकडे होता लिक्विड कूलर. पहिल्या दिवसापासून पंप खाकरायचा, नळाला पाणी येण्याआधी हवा येते ना, तसा. वर्षभर मी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. मग कळलं, चूक माझीच. रेडिएटर (गरम पाणी पंख्यांनी गार करणारी जाळी) खाली बसवला होता आणि पाणी फिरवणारा पंप वर. त्या बंद नळ्यांत थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची असता कामा नये. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावला आणि घरात शांतता झाली.

नाना (मेसा), सोमवार पहाटे

मिलिंदराव,

चिरंजीवांचं उन्हाळ्याचं म्हणणं अर्धवट आहे आणि खोलीचं साफ चूक. खोलीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्हीही फसलात.

पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माठ येतो. मी नागपूरचा, मला माठाबरोबर वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही दिसतो. दोन्हीत पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन जाते, म्हणून गारवा. तुमच्या लिक्विड कूलरमधलं पाणी कुठेच जात नाही. बंद नळीत गोल फिरतं, प्रोसेसरवरची उष्णता उचलून रेडिएटरला देतं आणि रेडिएटरचे पंखे ती खोलीत ओततात. म्हणजे हा माठ नव्हे, मोटारीचा रेडिएटर. साधा हवेचा कूलर हेच काम तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्या लावून करतो. गंमत बघा, त्या तांब्याच्या नळ्यांतही किंचित पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होतं. माठाशी नातं जोडायचंच तर ते हवेच्या कूलरचं जवळचं!

आता हिशेब. ९७००एक्स पूर्ण जोर लावला तर ८८ वॉट घेतो, कार्ड २५० वॉट. बाकीचं धरून चारशे म्हणा. जन्मभर एसीच्या धंद्यात गेला, तेव्हा त्याच भाषेत सांगतो: ताशी सुमारे १,३६५ बीटीयू (उष्णता मोजायचं माप). एसीचा एक टन म्हणजे ताशी १२,०००. खेळ रंगात आला की एका टनाचा जवळजवळ नववा हिस्सा फक्त या पेटीच्या दिमतीला. पाणी लावून त्यातला एक बीटीयूही घटत नाही. उलट पंपाचे दोन-चार वॉट वाढतात.

आणि या चारशेतले २५० कार्डाचे. त्याला स्वतःचे पंखे आहेत, प्रोसेसरवरचं पाणी त्याच्या वाऱ्यालाही जात नाही. रेडिएटर समोर लावलात तर कार्डाला गरम हवा मिळणार, छताला लावलात तर कार्डाची गरम हवा रेडिएटरला. म्हणजे सगळा थाटमाट ८८ वॉटसाठी! तेवढ्याला थर्मलराइटचा पीअरलेस असासिन १२० एसई हा हवेचा कूलर पुरून उरतो, चाळीस डॉलरच्या आत येतो. उंची १५५ मिलिमीटर, तेवढी कॅबिनेटमध्ये मावते का ते आधी बघा. इंटेलचा १४९००के प्रोसेसर असता, जो २५३ वॉटपर्यंत जातो, तर मीच म्हटलं असतं पाणी घ्या. किंवा कॅबिनेट इतकं चपटं की टॉवर (हवेचा उंच कूलर) उभाच राहत नाही, तरी घ्या.

उन्हाळ्याचं म्हणाल तर २०२३च्या उन्हाळ्यात आपण सलग ३१ दिवस ११० फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर काढले. पण कॅबिनेटला बाहेरचं ऊन कळत नाही, खोली कळते. एसी ७८वर असेल तर साडेपंचवीस सेल्सियस. खोली पाच अंशांनी तापली की प्रोसेसरही तेवढाच चढतो, कूलर कुठलाही असो. खोलीपेक्षा गार करणं दोघांनाही जमत नाही.

म्हणून वाचलेले पैसे कॅबिनेटला लावा. समोर जाळी हवी. बाजूला काच लावा, हौस भागेल, त्याने हवा अडत नाही. पण समोर काच म्हणजे तोंडावर उशी दाबून पळायला लावणं. माशांच्या टाकीवाली बरीच कॅबिनेटं खालून हवा घेतात. ती गालिच्यावर ठेवली की संपलं. मला विचाराल तर फ्रॅक्टल कंपनीचं नॉर्थ कॅबिनेट: समोर अक्रोडाच्या लाकडी पट्ट्या, मागे जाळी. बैठकीच्या खोलीत ठेवलं तर लाज वाटणार नाही.

इथला खरा वैरी ऊन नव्हे, धूळ. हबूब, म्हणजे इथलं धुळीचं वादळ, आला की दारं-खिडक्या लावूनही टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. म्हणून फिल्टर असलेल्या बाजूने हवा जास्त आत घ्यायची आणि बाहेर थोडी कमी सोडायची. मग उरलेली हवा फटींतून बाहेर पडत राहते आणि धूळ फटींतून शिरत नाही. तपासायला यंत्र लागत नाही. पंखे चालू ठेवून मागच्या फटींजवळ उदबत्ती धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर ठीक, आत ओढला गेला तर पंख्यांची वाटणी चुकली. राख आत पडू देऊ नका, बा.

संयोजक, सोमवार सकाळी

मोदकांच्या यादीत अजून फक्त अकरा नावं आहेत. वॉट आणि बीटीयू आवरले की तिकडेही बघा.

अर्णव (मिलिंदचा मुलगा), सोमवार संध्याकाळी

नाना आजोबा, बाबांनी वाचून दाखवलं. पण ऑनलाइन लोक म्हणतात की एअर कूलरने प्रोसेसर ९५ डिग्री सेल्सियस होतो. ते डेंजरस नाही का? आणि खरं सांगू, मला लिक्विड कूलर दिसायला आवडतो.

नाना, सोमवार संध्याकाळी

९५ ही एएमडीनेच ठरवलेली मर्यादा आहे. तिथे पोचला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. जळत नाही. रोजच्या खेळात तू तिथवर जाणारही नाहीस.

आणि आवडतो, हे पहिल्याच मेलमध्ये लिहिलं असतंस तर एवढा पसारा मांडला नसता. आवडीने घेतलेल्या वस्तूला हिशेब लागत नाही. फक्त उन्हाळ्याचं नाव करून बाबांचा खिसा कापू नकोस. पंप हा हलणारा भाग, कधी ना कधी झिजतो. बिघडला तर टूसॉनला परीक्षेच्या आठवड्यात बिघडणार, एवढं धरून चाल.

काहीही घे, पण गाडीतून नेताना कॅबिनेट आडवं ठेव, काच वर. उभं ठेवलंस तर टॉवरचं वजन मदरबोर्डला (प्रोसेसर ज्यावर बसतो त्या पाटीला) लोंबकळत जातं. आणि वाटेत जेवायला थांबलात तर बंद गाडीत ठेवू नका.

मिलिंद, पुढचा रविवार

रिपोर्ट देतो. हवेचाच कूलर आणि नॉर्थ. लेकाने दोन दिवस तोंड पाडलं, मग काचेआड दिवे लावायची परवानगी मिळाल्यावर खुलला.

काल जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. चालू केलं, दोन मिनिटांत ९३, मग ९५, आणि पंखे विमानासारखे. लेक माझ्याकडे असा बघत होता की सगळा दोष नानांचा आणि माझा. स्क्रू काढून कूलर उचलला. तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली, त्यावर (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या) पेस्टचा छान चौकोनी ठसा आणि ठशाआड 'बसवण्याआधी काढा' अशी सूचना. दोघांपैकी एकानेही वाचली नव्हती. फिल्म सोलली, पेस्ट पुसून नवी लावली. आता खेळताना ६८-७०. दाराबाहेर आवाज येत नाही.

उदबत्तीचा प्रयोगही केला. धूर सरळ आत! याने तीन पंखे छताला आणि मागे लावून सगळी हवा बाहेर फेकायची सोय केली होती. दोन काढून समोर लावले, तेव्हा धूर मागच्या फटींतून माझ्या तोंडावर आला.

या भानगडीत देवघरातला उदबत्तीचा पुडा संपला. ही म्हणतेय, शनिवारच्या बैठकीला येताना कुणीतरी एक आणा. आणि आमची एकवीस मोदकांची नोंद घ्या.