वाचलेलं दुसऱ्याला सांगायला मुलांना उद्युक्त करावं की त्यांना गप्प वाचू द्यावं?

शाईपेन (धागाकर्ती):
मी तिसरीला शिकवते. एक ठाम मत मांडतेय, पटलं नाही तर जरूर लिहा. प्राथमिकच्या मुलांना आपण काय वाचलं, काय नवीन कळलं हे दुसऱ्या मुलाला सांगायची संधी रोज मिळायला हवी. वर्षातून एकदा व्यासपीठावर पाठ केलेलं भाषण नव्हे, वर्गातच, रोज पाच-सात मिनिटं. त्याला गुण नाहीत आणि बक्षीसही नाही.

हे का वाटतं, ते सांगते. माझ्या वर्गातली एक मुलगी सकाळी धावत आली, "बाई, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात!" मी म्हटलं, मला नको, शेजारच्याला सांग. त्याने ऐकलं आणि विचारलं, "मग पोहताना तिन्ही धडधडतात?" तिला उत्तर येईना. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत ती पुन्हा तेच पुस्तक घेऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगत होती की दोन हृदयं कल्ल्यांना रक्त पुरवतात, एक बाकीच्या शरीराला, आणि पोहताना ते तिसरं थांबतं, म्हणून ऑक्टोपसला पोहण्यापेक्षा सरपटणं बरं पडतं. आदल्या दिवशी तिने वाचली होती ती एक गंमत होती. त्या प्रश्नानंतर ती कारणापर्यंत पोचली. मी दहा प्रश्न घातले असते तरी ती इतक्या ओढीने पुस्तकाकडे परतली नसती.

शिवाय आठवून सांगितलेलं टिकतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र, जे वाचून झाल्यावर उतारा मिटून आठवायला बसले होते, त्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. आपण मुलांना 'पुन्हा वाच' म्हणतो, 'मिटून सांग' फार कमी वेळा म्हणतो.

---

कोपऱ्यातला दिवा:
शाईपेन, तुमच्या वर्गाचं वर्णन सुंदर आहे, पण माझा विरोध आहे आणि तो एका बापाचा आहे.

माझा मुलगा पहिलीत असताना पलंगाखाली बॅटरी घेऊन वाचायचा. दुसरीत शाळेने 'या आठवड्याचं माझं पुस्तक' सुरू केलं. दर शुक्रवारी उभं राहून पुस्तकाचं नाव, लेखक, पात्रं, तात्पर्य. चांगलं सांगणाऱ्याला चांदणी. महिनाभरात तो बारीक पुस्तकं निवडू लागला, कारण ती शुक्रवारपर्यंत संपतात. मग तात्पर्य आधी शोधायला लागला. एकदा मी विचारलं, गोष्ट आवडली का? म्हणाला, "थांब, अजून मी सांगायचं काय ते ठरवलं नाही." या वाक्याने मी हादरलो. दरम्यान घराघरात आया-बाबा परिच्छेद लिहून देत होते, मुलं घोकत होती आणि त्याचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर फिरत होते. मीही दोनदा लिहून दिला आहे.

१९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग तुम्हाला माहीत असेल. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग मोकळे ठेवले तेव्हा तीच मुलं चित्रांकडे सगळ्यांत कमी वळली. ज्यांना अचानक प्रशस्तिपत्र मिळालं होतं त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. तुम्ही बक्षीस काढून टाकाल, पण 'रोज सांगायचं आहे' हे ओझं राहीलच. मूल वाचताना एकटं असतं, ते एकटेपण त्याला हवं असतं. तिथे आपण श्रोता आणून बसवतो.

आणि तुमच्या त्या २००६ च्या प्रयोगातले वाचणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. आठ वर्षांच्या मुलांवर तो जसाच्या तसा कसा लावता?

---

अबोली_फूल:
मी न बोलणारं मूल होते. उभं केलं की घसा बंद व्हायचा आणि वर्ग हसायचा. बाई वाईट नव्हत्या, प्रोत्साहनच देत होत्या. "बोल गं, घाबरतेस काय!" आज चाळिशीतही ते वाक्य ऐकलं की तळहातांना घाम येतो. त्या वर्षी मी शाळेत पुस्तक उघडणंच बंद केलं, कारण उघडलेलं दिसलं की विचारलं जायचं. घरी वाचत होते, लपवून.

---

शाईपेन:
अबोली_फूल, हे वाचून थांबले. मी उभं करत नाही हे लिहायला हवं होतं. माझ्या वर्गात फक्त जोड्या असतात, खाली बसून, हळू आवाजात. तरीही तुम्ही म्हणता ती भीती दोघांतही असू शकते, हे मान्य.

दिवा, प्रयोगाबद्दलचा तुमचा आक्षेप योग्य आहे. लहान मुलांबद्दल लेस्ली मँडेल मॉरो यांचं १९८५ चं काम आहे, तेही बालवाडीतल्या मुलांवर. ऐकलेली गोष्ट मोठ्यांच्या आधाराने पुन्हा सांगण्याचा सराव वारंवार मिळाला तेव्हा मुलांची गोष्टीची समज वाढली, वाक्यंही अधिक भरीव झाली. आणि तुमच्या मुलाच्या शाळेत जे झालं ते मला 'सांगणं' वाटतच नाही. पात्रं, लेखक, तात्पर्य हा तोंडी परीक्षेचा साचा आहे.

---

पुस्तकांची_ताई:
बालवाचनालय सांभाळते. दोघांचंही पटतं, पण भांडण सांगण्या-न सांगण्याचं नाही, प्रश्नाचं आहे असं मला दिसतं.

'गोष्टीतून काय शिकलास?' विचारलं की मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधतं. 'खरं बोलावं', 'आळस करू नये'. इंग्लंडमधले शिक्षक आणि लेखक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांवर बोलायला चार साधे प्रश्न सुचवले आहेत. काही आवडलं का, काही नावडलं का, काही कळलं नाही असं होतं का, आणि काही पुन्हा पुन्हा येताना किंवा एकमेकांशी जोडलेलं दिसलं का. 'का?' हा प्रश्न ते टाळायला सांगतात, तो मुलांना उलटतपासणीसारखा वाटतो. मी त्यांतला तिसरा सगळ्यांत जास्त वापरते. 'कळलं नाही' म्हणायची परवानगी मिळाली की गप्प मुलंही बोलतात, कारण त्यात चुकण्यासारखं काही उरत नाही. एका सहा वर्षांच्या मुलाने मला सांगितलं, "राक्षस रडला ते कळलं नाही. राक्षसाला आई असते?" पुढचा अर्धा तास चार मुलं त्यावरच बोलत होती.

आणि नावडलेलंही सांगू द्या. 'हे पुस्तक कंटाळवाणं आहे' हे मूल बिनधास्त म्हणू शकत नसेल, तर त्याच्या 'आवडलं'ला काही अर्थ नाही.

---

खडूची धूळ:
मीही शिक्षक. सगळं छान आहे, पण हिशेब करा. चाळीस मुलं, प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं. अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? जोड्या केल्या तर वेळ वाचतो, पण मग कोण काय सांगतंय ते मी ऐकत नाही. माझ्याच वर्गात एकाने दुसऱ्याला पटवून दिलं की देवमासा हा मासाच आहे, कारण नावात 'मासा' आहे. आठवड्यात अर्धा वर्ग तेच म्हणत होता. चुकीचं ज्ञान मित्राच्या तोंडून आलं की ते पाठ्यपुस्तकापेक्षा घट्ट बसतं.

---

शाईपेन:
वेळेचं उत्तर जोड्यांतच आहे. आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणं, मग हवं तर वर्गाला सांगणं, ही रीत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि ती जगभरच्या वर्गांत वापरली जाते. चाळीस मुलं म्हणजे वीस जोड्या, सगळ्या एकाच वेळी बोलतात. चार मिनिटांत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात.

देवमाशाचा मुद्दा मात्र खरा आहे. पण तो मुलगा बोलला नसता तर त्याच्या डोक्यातला मासा कुणाला कळला असता? तो तिथे आधीपासूनच होता. बोलल्यामुळे तुम्हाला दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'देवमासा श्वास कसा घेतो?' असा प्रश्न लिहिता आला.

---

खडूची धूळ:
लिहिला नाही. मी त्याला सरळ चूक म्हटलं. आता विचार करतोय.

---

जुना_फळा:
निवृत्त मुख्याध्यापक. एकच गोष्ट जोडतो. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं आपणहून बोलू लागली. मी हे वाचून स्वतः करून पाहिलं. तीन सेकंद फार मोठे असतात. मनात मोजावे लागतात. अबोलीताईंच्या बाई थोड्या थांबल्या असत्या, तर कदाचित काही वेगळं झालं असतं.

---

अबोली_फूल:
सर, आदराने सांगते, तीन सेकंदांनी माझं काही झालं नसतं. माझा घसा वेळ कमी म्हणून बंद होत नव्हता, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे असायचे म्हणून. मला चिठ्ठी लिहू दिली असती तर पानं भरली असती. 'सांगणं' म्हणजे तोंडानेच, हे कुणी ठरवलं? चित्र काढून पुस्तकात ठेवणं, आवडलेल्या पानावर खूण ठेवून ते पुस्तक मैत्रिणीला देणं, हेही सांगणंच आहे.

---

कोपऱ्यातला दिवा:
+१. शाईपेन, मी अर्धा पाऊल पुढे येतो. गुण नाहीत, उभं राहणं नाही, तात्पर्य नाही, इथवर मान्य. माझा एकच प्रश्न. तुमच्या वर्गातलं मूल 'आज नाही' म्हणू शकतं का? आणि किती वेळा?

---

शाईपेन:
कितीही वेळा.

---

कोपऱ्यातला दिवा:
वर्षभर म्हणालं तर?

---

शाईपेन:
एक मुलगा आहे असा. शाळा सुरू झाल्यापासून त्याने जोडीत काहीच सांगितलेलं नाही. तो ऐकतो. आधी मला वाटायचं की हे माझं अपयश आहे, म्हणून दोनदा त्याला हळूच ढकलून पाहिलं आणि दोन्ही वेळा पस्तावले. मग सोडून दिलं. गेल्या आठवड्यात त्याच्या जोडीदाराने, म्हणजे ऑक्टोपसवाल्या मुलीने, मला वहीचा फाडलेला तुकडा दाखवला. त्याने तिच्या दप्तरात ठेवला होता. त्यावर गोगलगाईचं चित्र आणि खाली एक ओळ होती: 'हिलापण सरपटायला आवडतं, पण हिचं हृदय एकच.'

---

कोपऱ्यातला दिवा:
हे तुम्ही वर्गात वाचून दाखवलं का?

---

शाईपेन:
नाही. तिलाही म्हटलं, जपून ठेव, ते तुझ्यासाठी आहे.