मूठ आणि दांडा: फरक जोडणीत

अवजार किंवा हत्यार धरायचा भाग 'लांब असेल तर दांडा, आखूड असेल तर मूठ' असं म्हटलं जातं. ढोबळमानाने बरोबर, पण माझ्या मते खरा फरक जोडणीत आहे. कुऱ्हाड, कुदळ, फावडं यांत लाकूड लोखंडात शिरतं. बाभळीचा दांडा नेढ्यात (लोखंडातल्या भोकात) ठोकायचा, ढिला झाला की पाचर मारायची. भाल्यातही लाकूडच लोखंडात शिरतं. खुरपं, विळा यांत उलट: पात्याचं निमुळतं टोक तापवून लाकडी मुठीत घुसवतात.

तलवारीची मूठ अख्खी धातूची असली तरी पात्याचं शेपूट तिच्या पोकळीतच जातं, आणि राळ किंवा लाख वितळवून ते पक्कं करतात. म्हणून जुन्या तलवारी साफ करताना मूठ तापवू नका, कृपा करून! राळ मऊ होते आणि पातं हातात येतं.