गाडी उभी राहून बॅटरी बसते, तिसरी घेण्याआधी सल्ला हवा

डिचोलीची सून
नमस्कार मंडळी. आमची पेट्रोलची छोटी गाडी आहे, सहा वर्षं जुनी. मिस्टर बोटीवर असतात, आठ महिने बाहेर, चार महिने घरी. ते नसताना गाडी मी चालवते, पण किती? बाजार, मुलीची शाळा, सोमवारी देऊळ. सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. पावसात तर आठ-आठ दिवस पोर्चमधून हलत नाही.

तीन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. गेल्या आठवड्यात पहाटे तीनला सासूबाईंना धाप लागली. किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक् टक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझले. शेजारच्या भावजींनी त्यांच्या गाडीतून बांबोळीच्या इस्पितळात नेलं. सासूबाई आता बऱ्या आहेत, पण माझा गाडीवरचा भरवसा उडालाय. बॅटरीवाला म्हणतो जास्त ॲम्पियरची घाला. मिस्टर फोनवर सांगतात, रोज दहा मिनिटं स्टार्ट करून ठेव. नणंद म्हणते, ही विका आणि इलेक्ट्रिक घ्या. कोणाचं ऐकू?

तारवटी
वहिनी, मीही बोटीवरचाच. जाताना १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून ठेवतो. आल्यावर घड्याळ लावायचं, बस. मात्र रिमोट चालत नाही, दार किल्लीने उघडावं लागतं. तुम्ही अधूनमधून गाडी वापरता, त्यामुळे तुमचा प्रश्न थोडा वेगळा दिसतोय.

वायरिंगवाला, फोंडा
ताई, पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई करून बॅटरी घेऊ नका.

बॅटरीचं मुख्य काम सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारण्यापुरतं. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर (जुनी माणसं अजून डायनामोच म्हणतात) सगळी वीज तयार करतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. सेल्फ दीडशे-दोनशे ॲम्पियर ओढतो, ऐकायला प्रचंड वाटतं, पण एक-दोन सेकंदच. हिशेब केला तर अॅम्पियर-अवरचा (एक ॲम्पियर तासभर) दहावा भाग. अल्टरनेटर तेवढं काही मिनिटांत भरून देतो. म्हणजे नुसत्या बाजाराच्या फेऱ्यांनी चांगली बॅटरी दीड वर्षात मरत नाही. कुठेतरी वीज गळतेय.

मोठी बॅटरी घालणं म्हणजे घागर मोठी घेणं. भोक तसंच राहतं, पाणी जायला दोन दिवस जास्त लागतात एवढंच.

दहा मिनिटं स्टार्ट ठेवण्याचंही सांगतो. जागेवर इंजिन हळू फिरतं, अल्टरनेटर पूर्ण वीज देत नाही. त्यात पावसाळ्यात हेडलाइट, वायपर, ब्लोअर चालू. शिशाची बॅटरी वीज घेते सावकाश, अर्धी उतरलेली भरायला तास लागतात. शिवाय इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून गंजतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा म्हापशापर्यंत लांबची फेरी मारून या.

आता मल्टिमीटर (व्होल्ट-ॲम्पियर मोजायचं यंत्र) आणा आणि तीन आकडे इथे टाका.

पहिला, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर किती व्होल्ट. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ म्हणजे तळाला. दुसरा, इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ मध्ये असेल तर अल्टरनेटर ठीक. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. किल्ली काढा, दारं लॉक करा, बॉनेट उघडं. निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून, मीटर १० ॲम्पियरवर लावून क्लॅम्प आणि बॅटरीच्या मध्ये जोडा आणि अर्धा तास थांबा, कारण आतले काँप्युटर झोपायला वेळ घेतात. २० ते ५० मिलीॲम्पियर चालतात. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

म्हापसा ते पणजी
नणंदबाईंच्या बाजूने बोलायला आलो होतो, पण आधी वरचं सगळं करा.

मी दोन वर्षं इलेक्ट्रिक स्कूटरवर जा-ये करतो. तीन युनिटची (तीन हजार वॅट-अवरची) बॅटरी, किलोमीटरला साधारण तीस वॅट-अवर लागतात, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. पर्वरीच्या उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. काटा उलटा सरकताना बघायला मला अजून आवडतं. गोव्याची बरीचशी वीज कोरबा, विंध्याचलच्या कोळशाच्या केंद्रांतून येते. ते मनाला लागत होतं म्हणून छपरावर सोलर घातलं.

पण ताई, बॅटरी बसते एवढ्यासाठी गाडी बदलू नका. इलेक्ट्रिक कारमध्येही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच. दारांचं लॉक, दिवे, काँप्युटर तिच्यावर. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. आणि लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने उभी ठेवायची तर पूर्ण भरून ठेवायची नसते, निम्म्यावर ठेवून महिन्याने बघायची.

डिचोलीची सून
सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारचा मुलगा इलेक्ट्रिशियन आहे, त्याला रविवारी बोलावलं. मुलगी शाळेच्या वहीत आकडे लिहीत बसली होती.

सकाळी ११.९. भावजींच्या गाडीवरून जंप देऊन (केबलने त्यांची बॅटरी जोडून) चालू केल्यावर १४.२. आणि तिसरा आकडा अर्ध्या तासानंतरही ०.४२ ॲम्पियर! मग त्याने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. आठवा काढला आणि मीटर धपकन ०.०३ वर आला. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज. तीन वर्षांपूर्वीच बाहेरून बसवून घेतली होती. किल्लीवर यायला हवी ती वायर थेट बॅटरीवर जोडलेली निघाली. बॅटरी ३५ अॅम्पियर-अवरची आहे. मुलीने भागाकार केला, साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी.

आता ही बॅटरी वाचेल का?

वायरिंगवाला, फोंडा
शाब्बास तुमच्या मुलीची! वायर किल्लीच्या लाइनवर घेतली की काम झालं.

बॅटरी वाचेलच असं नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती भरूनही टिकत नाही. बॅटरीच्या दुकानात साडेतीन ॲम्पियरवर दहा-बारा तास सावकाश चार्ज करून घ्या. एक रात्र ठेवून सेल्फ मारताना मीटर बघा. ९.६ च्या खाली गेला तर बदला, पण ३५ चीच घ्या, आणि वरची तारीख वाचून ताजी घ्या. टर्मिनलवर हिरवी-पांढरी पूड असेल तर खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, सुकवून, व्हॅसलिन लावा. आपल्या दमट हवेत ती लवकर येते.

तारवटी
एक माझ्याकडून. सासूबाईंचं दुखणं आहे तर जंप केबल गाडीत ठेवाच. क्रम असा: लाल आधी तुमच्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसरीच्या प्लसला. काळी दुसरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन येत असतो. काढताना बरोबर उलट. शेजारच्या भावजींनाही हे एकदा दिवसाउजेडी करून दाखवा, पहाटे तीनला टॉर्चच्या उजेडात प्लस-मायनस शोधायची वेळ येऊ नये.