गणित येतं पण फिजिक्सचं गणित सुरूच करता येत नाही, असं कुणाचं होतं का?

एप्सिलॉन_पुरे
मी गणिताची विद्यार्थिनी, दुसरं वर्ष. रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा दोन्ही छान गेले, प्रूफ लिहायला तर मनापासून आवडतं. या सेमिस्टरला मेकॅनिक्स आणि थर्मो (थर्मोडायनॅमिक्स, उष्णता-ऊर्जेचा विषय) घेतलं, म्हटलं फिजिक्सवाल्यांना ज्या गणिताचा त्रास होतो ते आपल्याला आधीच येतंय म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. झालं भलतंच. समीकरण एकदा समोर आलं की मी सोडवते, बाकीच्यांच्या आधी सोडवते, पण ते समीकरण मुळात येतं कुठून हेच कळत नाही. कोरा कागद घेऊन बसून राहते.

उदाहरणं देते. कप्पीवरून दोरी, दोन बाजूंना दोन वजनं. पुस्तक म्हणतं दोन्हीकडे टेन्शन (दोरीतली ओढ) सारखं. का?? वर एका ओळीत 'हलकी दोरी, हलकी कप्पी' एवढंच लिहिलंय, मला तर ते नुसतं वर्णन वाटलं. दुसरं, सरांनी फळ्यावर डीव्ही बाय डीटी (वेग बदलण्याचा दर) मधला डीटी सरळ उचलून पलीकडे नेला आणि दोन्हीकडे इंटिग्रेशनचं चिन्ह काढलं, आणि मला ॲनालिसिसच्या पहिल्याच लेक्चरला सांगितलेलं की हा अपूर्णांक नाहीये! तिसरं थर्मोचं, यू (अंतर्गत ऊर्जा) चं व्ही (इथे आकारमान) च्या सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्ह एका पानावर मायनस पी (दाब) येतं आणि चार पानं पुढे आयडियल गॅससाठी शून्य. तोच यू, तोच व्ही. मग खरं कुठलं?

मी मठ्ठ आहे की फिजिक्सवाले काहीतरी सांगायचं राहून जातायत?

जुना_खडू
मठ्ठ नाहीस, आणि हो, राहून जातंय. बरीच वर्षं पहिल्या-दुसऱ्या वर्षाला फिजिक्स शिकवतोय त्यामुळे गुन्हा कबूल.

दोरीपासून सुरू करतो. 'हलकी दोरी' हे वर्णन नाही, तुमच्या भाषेत ती हायपोथिसिस आहे. दोरीचा कुठलाही सरळ तुकडा घे, त्याला न्यूटनचा दुसरा नियम लाव. तुकड्याचं वस्तुमान शून्य म्हणजे वस्तुमान गुणिले प्रवेग शून्य, मग प्रवेग काहीही असो. म्हणजे दोन टोकांच्या ओढींची बेरीज शून्य, म्हणजे टेन्शन दोन्ही टोकांना सारखं. कप्पीवरून जाताना आणखी एक गोष्ट लागते, कप्पी हलकी असली आणि आस घासत नसला तर तिला फिरवायला टॉर्क (फिरवणारा जोर) लागत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची ओढ सारखी. झालं, तीन ओळींचं प्रूफ आहे. पुस्तक ते लिहित नाही कारण लिहिणाऱ्याला ते इतकं सवयीचं झालंय की तिथे प्रूफ आहे हेच तो विसरलाय.

पण सगळं असं सुटत नाही हे आधीच सांगतो. काही पायऱ्यांमागे खरंच थिअरम नसतो. पावसाचा थेंब १ किलोमीटरवरून पडतो, जमिनीवर वेग किती? तू व्ही वर्ग बरोबर दोन जी एच (व्ही वेग, जी गुरुत्वाचा प्रवेग, एच उंची) लावशील आणि उत्तर येईल १४० मीटर पर सेकंद, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. इंटिग्रेशनमध्ये एकही चूक नाही. मात्र असा पाऊस पडला असता तर छत्र्यांची चाळण झाली असती. मोठा थेंबसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ९ मीटरनेच येतो, कारण हवेचा विरोध वाढत वाढत थेंबाच्या वजनाइतका होतो आणि वेग तिथेच थांबतो. आता हवा धरायची की सोडायची हे तुला कुठलं डेफिनिशन सांगणार? कुठलंच नाही. दोन फोर्सचा अंदाज घेऊन कोण मोठा ते बघावं लागतं, आणि हा अंदाज घेणं हेच आमच्याकडचं मुख्य काम आहे. समीकरण सोडवणं त्याच्या नंतर. गणिताच्या पेपरात ही पायरी पेपर काढणाऱ्याने आधीच करून दिलेली असते म्हणून तुला ती कधी दिसलीच नाही.

यू आणि व्ही चं. गणितात अक्षर म्हणजे नियम, एफ म्हणजे 'आत हे टाकलं की बाहेर ते येतं'. आमच्याकडे अक्षर म्हणजे वस्तूची एखादी राशी. यू म्हणजे त्या वायूची अंतर्गत ऊर्जा, मग ती एन्ट्रॉपी आणि आकारमानातून काढ नाहीतर तापमान आणि आकारमानातून काढ, आम्ही तिला यू च म्हणणार. तुझ्या हिशोबाने ही दोन वेगवेगळी फंक्शन्स आहेत आणि तुझं बरोबर आहे. कंसाच्या पायाशी जे बारीक अक्षर लिहिलेलं असतं ना, एकदा एस (एन्ट्रॉपी) आणि एकदा टी (तापमान), ते शोभेचं नाही, कुठलं फंक्शन चाललंय ते तेवढंच एक सांगतं. एस स्थिर म्हणजे उष्णता आतबाहेर जाऊ न देता हळूच दट्ट्या दाबला, तू केलेलं काम वायूत साठलं, म्हणून मायनस पी. टी स्थिर म्हणजे तापमान धरून ठेवलं, आणि आयडियल गॅसची ऊर्जा फक्त तापमानावर ठरते, म्हणून शून्य. दट्ट्या दाबायच्या दोन पद्धती आहेत, डेरिव्हेटिव्ह पण दोन.

उलटा_थीटा
खडू सरांनी मोठं सांगितलं, मी बारकं सांगतो कारण माझा वेळ याच्यातच गेला. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत स्फेरिकल कोऑर्डिनेट्समध्ये थीटा म्हणजे भोवती फिरणारा कोन, फिजिक्समध्ये थीटा म्हणजे वरच्या अक्षापासून खाली मोजलेला आणि भोवती फिरतो तो फाय. बरोब्बर अदलाबदल. इनर प्रॉडक्ट गणितात सहसा पहिल्या जागेत लिनिअर, फिजिक्समध्ये दुसऱ्या. वर चांदणी काढली तर फिजिक्सवाल्यांसाठी कॉम्प्लेक्स कॉन्ज्युगेट, गणितवाल्यांसाठी ॲडजॉइंट, फिजिक्सवाले ॲडजॉइंटला खंजिराचं चिन्ह (†) काढतात. फूरिये ट्रान्सफॉर्ममधला २π कुठे ठेवायचा यावर तर बोलायलाच नको, एकाच विषयाच्या तीन पुस्तकांत तीन ठिकाणी बघितलाय मी. एक आख्खी रात्र मायनसच्या एका चिन्हामागे घालवली आणि सकाळी कळलं की चूक नव्हतीच, दोन पुस्तकं दोन बोलीत बोलत होती. नवीन पुस्तक उघडलं की आधी कन्व्हेन्शनचं पान वाचायचं, नसेल तर स्वतः एका कागदावर लिहून काढायचं.

ट्रेस_शून्य
मी गणितातून मॅथेमॅटिकल फिजिक्सला आले, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात.

डीटी उचलण्याबद्दल. घाबरू नकोस, ते बहुतेक वेळा चेन रूल आणि सब्स्टिट्यूशनच असतं, फक्त दोन ओळी गाळलेल्या. दोन्ही बाजूंचं टी च्या सापेक्ष इंटिग्रेशन कर, डावीकडे टी ऐवजी व्ही घाल, तुझ्या सरांनी केलं तेच मिळेल आणि एकही नियम मोडणार नाही. मी पहिलं वर्षभर वहीच्या समासात असं प्रत्येक वेळी करून बघायचे, नंतर आपोआप सुटलं. चिडून 'हे चूक आहे' म्हणण्यापेक्षा 'हे कशाचं संक्षिप्त रूप आहे' हा प्रश्न विचार, नव्वद टक्के राग तिथेच जातो. (नव्वद हा आकडा माझ्या रागाचा हां, कुणाच्या अभ्यासाचा नाही.)

आणि क्रम उलटा असतो हे पण लक्षात घे. आपल्याला डेफिनिशन, थिअरम, मग उपयोग असं शिकवतात, घडलं तसं नाही. फूरियेने उष्णतेवरचा निबंध १८०७ मध्ये दिला, त्यातल्या साइन-कोसाइनच्या सिरीज नेमक्या कधी कन्व्हर्ज होतात याचं पहिलं धड प्रूफ डिरिक्लेने १८२९ मध्ये दिलं. डिरॅकचं डेल्टा फंक्शन (एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य), जे फंक्शनच नाही, १९३० च्या आसपास फिजिक्समध्ये राजरोस वापरात होतं आणि त्याला पक्का पाया देणारी लॉराँ श्वार्ट्झची डिस्ट्रिब्यूशन थिअरी आली १९४० च्या दशकात, १९५० मध्ये श्वार्ट्झला फील्ड्स मेडल, गणितातला मोठा सन्मान, मिळालं. फिजिक्सला ॲक्झिअमवर बसवा हे तर गणिती हिल्बर्टने १९०० सालच्या न सुटलेल्या प्रश्नांच्या यादीत सहाव्या नंबरला टाकलेलं, अजून पुरतं झालेलं नाही. आधी प्रूफ मग पुढचं पान असा हट्ट धरशील तर पहिल्याच पानावर बसशील.

पण खडू सर, तुमची बाजूही पूर्ण घेणार नाही. तपशील गाळल्याने खरंच गोंधळ होतो. क्वांटममध्ये आम्हाला सांगितलं, ऑपरेटर म्हणजे मॅट्रिक्सच समजा. बरं. मग एक्स पी मायनस पी एक्स बरोबर आय एच बार (एक्स स्थानाचा ऑपरेटर, पी संवेगाचा, एच बार एक स्थिरांक). मी दोन्हीकडे ट्रेस (एन बाय एन मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज) घेतला, डावीकडे शून्य, उजवीकडे आय एच बार गुणिले एन. शून्य बरोबर शून्य नसलेलं काहीतरी! वर्गात विचारलं तर 'असं विचारायचं नसतं' म्हणून सांगितलं गेलं. साधं उत्तर होतं, हे समीकरण एन बाय एन मॅट्रिक्समध्ये बसूच शकत नाही, स्पेस अनंत डायमेन्शनची लागते आणि तिथे ट्रेस घेताच येईल असं नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मला दोन वर्षांनी एका गणिताच्या पुस्तकात भेटलं.

जुना_खडू
'असं विचारायचं नसतं' म्हणणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, मान्य.

एप्सिलॉन_पुरे
सगळ्यांना थँक्यू, बारीक अक्षराचं वाचून तर डोक्यात लख्ख प्रकाश पडला, मी ते अक्षर आजपर्यंत वहीत उतरवतच नव्हते!! अजून एक विचारते. लंबकात साइन थीटा बरोबर थीटा धरा म्हणतात, 'लहान कोनासाठी'. लहान म्हणजे किती? एप्सिलॉन (किती चूक चालेल) द्या ना, मी डेल्टा (किती लहान कोन) काढते. सर म्हणाले 'पुरेसा लहान'. पुरेसा कशाला?

जुना_खडू
नेमका प्रश्न. एप्सिलॉन तुझ्या घड्याळातून येतो.

कोन १५ अंश असेल तर साध्या सूत्रातला आवर्तकाल सुमारे ०.४३ टक्के कमी येतो, ३० अंशाला सुमारे १.७ टक्के. आता १ मीटरचा लंबक घे, एक आवर्तन जवळजवळ २ सेकंदांचं. १५ अंशाला फरक पडला सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. हाताने स्टॉपवॉच दाबताना तुझीच चूक ०.२ सेकंदांची होणार. १० आवर्तनं मोजलीस तरी फरक ०.०९ सेकंद, हाताच्या चुकीत बुडाला. म्हणजे या प्रयोगापुरता १५ अंश हा लहान कोन. पण १०० आवर्तनं मोजायला गेलीस तर फरक पाऊण सेकंदाच्या वर जातो (झोका हळूहळू कमी होतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण दिसू शकेल इतका), आणि तोच १५ अंश आता लहान राहिला नाही. कोन तोच, लंबक तोच.

उलटा_थीटा
याच्यावर माझाही एक. बुरुजावरून दगड वर फेकला, जमिनीवर कधी पडेल, वर्गसमीकरणाची दोन उत्तरं, निगेटिव्ह सोडून द्या. प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा यायचा, उत्तर असं टाकून कसं देता? नंतर कळलं की ते निरर्थक नाही, तोच दगड जमिनीवरून फेकला असता आणि आत्ता बुरुजापाशी याच वेगाने पोचला असता तर किती आधी फेकावा लागला असता, ती वेळ आहे ती. आपण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही एवढंच. आणि डिरॅकने १९२८ च्या समीकरणातली निगेटिव्ह ऊर्जेची उत्तरं टाकून दिली नाहीत, तर १९३२ मध्ये अँडरसनला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन प्रभाराचा जोडीदार) सापडला. कधी टाकायचं आणि कधी धरून बसायचं याचा नियम मला अजून कुणी दिलेला नाही.

एप्सिलॉन_पुरे
तीन दिवसांनी परत आले. गृहीतकं आधी लिहायची असं ठरवून कप्पीचा प्रश्न मुद्दाम अवघड करून सोडवला. वजनं ३ आणि २ किलो, कप्पी २ किलोची भरीव चकती, दोरी हलकी, ताणत नाही, आस घासत नाही. सगळं लिहिलं. प्रवेग आला १.६३ मीटर पर सेकंद वर्ग, टेन्शन एकीकडे २४.५ न्यूटन आणि दुसरीकडे २२.९. सारखं नाही! मग कप्पीचं वस्तुमान शून्याकडे नेलं, दोन्हीकडे २३.५ आलं. ही लिमिट घेताना इतकं बरं वाटलं की काय सांगू.

जुना_खडू
आकडे बरोबर. पण एक गृहीतक लिहायचं राहिलं तुझं.

एप्सिलॉन_पुरे
कुठलं? चारदा वाचलं.

जुना_खडू
कप्पी फिरली कशाने?

एप्सिलॉन_पुरे
अरे देवा. दोरी कप्पीवर घसरत नाही हे लिहिलंच नाही, नुसतं वापरलं. दोरी आणि कप्पीमध्ये घर्षणच नसेल तर कप्पी जागची हलणार नाही, ती कितीही जड असली तरी दोन्हीकडे परत २३.५ च. बरोबर ना?

जुना_खडू
बरोबर.