लिपस्टिकमधला किडा आणि येवल्याची पैठणी

गोदाकाठची
परवा पंचवटीत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. कैरीची डाळ खाता खाता एका काकूंचं लक्ष माझ्या ओठांकडे गेलं. "लिपस्टिकमध्ये किडे कुटून घालतात, ठाऊक आहे ना? गौरीपुढे असं तोंड रंगवून यायचं? ही सगळी परदेशी खुळं!" काकूंच्या अंगावर येवल्याची अस्सल रेशमी पैठणी होती. तिथे गप्प बसले, इथे बोलते.

किडा खरा आहे. कोचिनील त्याचं नाव, निवडुंगावर वाढतो. माद्या वाळवून त्यांच्यापासून कार्माइन नावाचा लाल रंग काढतात. सगळ्यात जास्त पेरू देशात. पण पैठणीचं रेशीम तरी कुठून येतं? कोश वाफवतात किंवा उकळतात तेव्हा आत किडा जिवंत असतो. गौरीच्या पावलांना लावतो तो आळताही मुळात लाखेच्या किड्यांचाच. मग राग एकट्या माझ्या ओठांवर का?

आणि परदेशी म्हणाल तर वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाचा, म्हणजे शहरातल्या शौकीन पुरुषाचा, दिनक्रम दिलाय, त्यात सिक्थक आणि अलक्तक लावून आरशात बघणं आहे. म्हणजे मेण आणि लाखेचा रंग. तेही पुरुषाने! माझी आजी कपाळाला आधी मेण लावायची, मग त्यावर कुंकू. मेण रंग धरून ठेवायचं, लिपस्टिक दुसरं काय करते?

आबा_पंचवटी
पैठणी कोणी चाटत नाही, ताई. लिपस्टिक पोटात जाते. चहाच्या कपाला थोडी लागते, बाकीची कुठे जाते? शाकाहारी माणसाला हा फरक कळतो. आणि तो नागरक म्हणजे अत्तर लावून गावभर हिंडणारा रिकामटेकडा. त्याचा दाखला लेकीसुनांना देता? ओठ लाल करायचे तर विडा खा. कात, चुना, पान, सगळं झाडाचं आणि मातीचं.

तर्रीवाला
आबा, आमच्याकडे मिसळ खाल्ली की ओठ फुकटात लाल होतात. डोळेसुद्धा.

सातपूरकर
कच्चा माल तपासायच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली, म्हणून बोलतो. प्रत्येक लिपस्टिकमध्ये किडा नसतो. कांडीत मुख्य माल तेल आणि मेण. तेल म्हणजे बहुतेकदा आपलं एरंडेल, कारण ते दाट असतं आणि रंग त्यात छान घोटला जातो. १८८४ साली पॅरिसच्या अत्तरवाल्यांनी कांडी विकायला काढली तेव्हाही एरंडेल होतंच, जोडीला मधमाशीचं मेण आणि हरणाची चरबी. चरबी कधीच गेली. आता कार्नोबा नावाचं ताडाच्या पानांवरचं मेण घालतात, ते ८० अंशांच्या पुढे वितळतं. नाहीतर मे महिन्यात मेन रोडवर खरेदी करून घरी येईपर्यंत पर्समध्ये काला झाला असता.

रंग ओळखायचा तर डबीवरचे आकडे बघा. सीआय म्हणजे रंगाचा ठरलेला क्रमांक. सीआय ७५४७० म्हणजे कार्माइन, किड्याचा. १५८५० कारखान्यात बनतो. ७७४९१ म्हणजे लोहाचं ऑक्साइड, सरळ सांगायचं तर गेरू.

शिशाबद्दलही कोणीतरी विचारेलच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, ४०० लिपस्टिक तपासल्या, सरासरी निघाली दहा लाख भागांत १.११ भाग, सगळ्यात जास्त ७.१९. आपल्या नियमांत रंगातल्या शिशाची मर्यादा २० आहे. मला भीती नाव-पत्ता छापणाऱ्या कंपनीची वाटत नाही. पत्ता, बॅच नंबर काहीच नसलेली वीस रुपयांची कांडी मिळते, तिची वाटते.

येवल्याची_लेक
लिपस्टिक मीही लावते, पण पैठणीला मध्ये ओढलेलं आवडलं नाही. आमच्या घरात एका पदरासाठी माणसं महिनोन् महिने मागावर बसतात. किडा मरतो, कबूल. पण स्वतःची बाजू मांडायला दुसऱ्याच्या कष्टांवर बोट ठेवायची गरज काय? काकूंना सरळ सांगायचं, मला आवडते म्हणून लावते.

गोदाकाठची
ताई, पैठणी वाईट आहे असं कुठे म्हटलं? माझ्याही लग्नातली आहे, जपून ठेवलीय. हिशेब दोन्हीकडे एकच लावा एवढंच म्हणणं. पण "आवडते म्हणून लावते" हे तिथे सुचायला हवं होतं, ते मात्र खरं.

आबा, विडा झाडाचा हे ठीक, पण त्यात सुपारी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली आहे.

सातपूरकर, तुमचं वाचून डबी उलटी केली. अक्षरं मुंगीएवढी, मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचली. १५८५०, ७७४९१ आणि ७७८९१. ७५४७० नाहीच! म्हणजे त्या दिवशी मी नसलेल्या किड्यापायी बोलणी खाल्ली.

सातपूरकर
७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. छटा फिकी करायला घालतात.

आबा_पंचवटी
आणि मेण कसलं आहे ते बघितलं का?

गोदाकाठची
मधमाशीचं. घरातली मधाची बाटली आधी टाका, मग बोलू.

आबा_पंचवटी
मध औषध आहे.

तर्रीवाला
चला, आबांचा डबा गुल झाला, आता मधाच्या नव्या धाग्यावर भेटू.